मध्ययुगीन हाततोफेची प्रतिकृती: सोलापुरात करून देणारं कुणी आहे का?

भुईकोटकर

नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्र मिळून सोलापूर आणि आसपासच्या शाळांत जुन्या शस्त्रांचं छोटं प्रदर्शन लावतो. तलवारी, दांडपट्टा, भाले, ढाली आणि एक लाकडी तोड्याची बंदूक. त्या बंदुकीपाशी आलं की एखादं चुणचुणीत पोरगं हमखास विचारतं, "ह्याच्या आधी काय होतं?"

ह्याच्या आधी हाततोफ होती. ना चाप, ना घोडा, ना दस्ता. धातूची आखूड नळी, मागे खोचलेला लाकडी दांडा, वर कान, म्हणजे बत्ती द्यायचं छिद्र. दांडा काखेत दाबायचा आणि पेटती जामगी (वातीची दोरी) किंवा तापवलेली सळई कानाला लावायची.

मला करून हवी आहे ती टानेनबर्गची. जर्मनीत हेसेमध्ये ह्या नावाचा किल्ला होता, तो १३९९ साली उद्ध्वस्त झाला. १८४९ मध्ये तिथल्या विहिरीत ही ब्राँझची नळी सापडली. लांबी साधारण ३२ सेंटिमीटर, वजन सव्वा किलोच्या आसपास, बाहेरून अष्टकोनी. किल्ला कधी पडला ते ठाऊक असल्यामुळे नळी त्याआधीची हे नक्की, म्हणून अभ्यासकांत तिला मान आहे. सध्या ती नूर्नबर्गच्या संग्रहालयात आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत चौकशी केली. ड्रॉइंग बघेपर्यंत सगळे खुशीत असतात, "हे नक्की काय आहे?" ह्याचं उत्तर दिलं की हातात चहा ठेवून वाटेला लावतात. तर प्रश्न असे: ओतून घ्यावी की खरादीवर काढावी? कोण करेल? नळी मूळ मापाची, कान खरा, सगळं जसंच्या तसं हवं. उडवायची अजिबात नाही.

शेंगाचटणी

रुमाल टाकून ठेवतो. धागा दारूने भरलेला आहे, बत्ती कोण देतंय बघू.

लेथवाला_पूर्वभाग

काम आमच्याच लायनीतलं हाय. आमच्या शॉपला आयुष्यभर लूमचे पार्ट केले, बुश, शाफ्ट, पुल्या. ३२ सेंटिमीटरचा पीस म्हणजे काय मोठं काम नाय. गनमेटलचा, म्हंजे ब्राँझचाच, गोल बार घ्यायचा, लेथवर तोंडाकडची कडी आणि मागचा भाग काढायचा, मग मिलिंगला डिव्हायडिंग हेड लावून आठ पैलू पाडायचे. अष्टकोन लेथवर होत नाय, हे आधी सांगतो, कारण निम्मे गिऱ्हाईक तिथंच भांडतेत.

गनमेटलचा भाव किलोवर हाय आणि लोखंडाच्या कितीतरी पट हाय. त्यात चिप्स जातेत त्याचे पैसे तुमचेच. स्वस्तात पाहिजे तर एमएसमधी, म्हंजे साध्या पोलादात, करून ब्लॅकोडाइज करू, काळीशार दिसंल.

पण नळी आरपार पाडून, कान पाडून देणार नाय. मी काय, कुणीच देऊ नये. त्यांनी चहा पाजला हेच लै झालं.

तारीखपेतारीख

लेथवाल्यांच्या शेवटच्या ओळीसाठी उभं राहून टाळ्या. कायद्याचं थोडं सांगतो, कारण "उडवायची नाही" ह्या वाक्यावर भुईकोटकर फार विसंबून आहेत.

शस्त्र अधिनियम १९५९. त्यातली अग्निशस्त्राची व्याख्या वाचा: स्फोटकाच्या किंवा इतर ऊर्जेच्या जोरावर प्रक्षेप्य फेकण्यासाठी रचलेलं किंवा तसं जुळवून घेतलेलं कुठल्याही वर्णनाचं शस्त्र. त्यात चाप हवा असं नाही, गोळी पितळी टोपीची हवी असं नाही, आणि तुमच्या मनात काय आहे ते तर कुठेच नाही. एक बाजू बंद असलेली नळी आणि तिच्या कोठीत उतरणारा कान, एवढ्यावर वस्तू व्याख्येत बसते. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय ती बनवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. आणि बनवणारा कोण? तुम्ही नाही, तो लेथवाला.

राजा_विक्रम

वकीलसाहेब, पण पुरातन शस्त्रांना सूट आहे ना? सहाशे वर्षं जुना नमुना आहे. ह्या हिशोबाने घरोघरी भिंतीवर टांगलेल्या ठासणीच्या बंदुका काढून टाकाव्या लागतील.

तारीखपेतारीख

राजासाहेब, सूट आहे, कलम ४५ मध्ये. पण ते वाक्य शेवटपर्यंत वाचा. कालबाह्य नमुन्याचं, पुरातन मूल्याचं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्त करून किंवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नाही. सगळी गंमत त्या शेपटात आहे. कालच्या मंगळवारी एमआयडीसीत तयार झालेली, चालू स्थितीतली नळी त्यात कशी बसवणार? भिंतीवरच्या ठासणीच्या बंदुकीचंही तेच आहे. कान बुजवलेला आणि नळी गंजून मेलेली असेल तर एक गोष्ट, चालू असेल तर परवाना लागतोच.

सातरस्ता_कट्टा

मग जत्रेत आणि उत्सवात उखळी तोफांची सलामी देतात ते? गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, अख्खं सोलापूर बघायला जातं. तिथे कायदा कुठे जातो?

तारीखपेतारीख

तिथेच असतो, मंडपाच्या मागे फायली घेऊन. दारूकामाला १८८४ च्या स्फोटक कायद्याखालचे परवाने लागतात, त्या खात्याचं मुख्यालय आपल्याच राज्यात नागपूरला आहे. शोभेची दारू आकाशात फुटते, ती कुणावर गोळी फेकत नाही. दोन्ही गोष्टी एका पोत्यात घालू नका.

शेंगाचटणी

कुर्गात जन्माला यायला पाहिजे होतं. तिथे म्हणे बंदुकीला परवाना लागत नाही.

तारीखपेतारीख

कोडवा लोकांना सूट आहे, खरं आहे. पण ती बाळगण्यापुरती, बनवायला नाही. आणि शेंगाचटणी, तुम्हाला तिथे कडक भाकरी मिळणार नाही.

शेंगाचटणी

मग राहू दे.

चंद्रभागेकाठी

ओतीव की खरादीवर, ह्या मूळ प्रश्नावर बोलतो. पंढरपुरात आमच्या शेजारी ओतारी राहायचे, लहानपणी त्यांच्या भट्टीपाशी तासन्‌तास बसलेलो आहे. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर बारीक गाळलेल्या मातीचा पहिला हात, मग जाड मातीचे थर, वाळवायचं, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. साचा फोडल्याशिवाय आत काय झालंय ते कळत नाही, आणि एका साच्यातून एकच मूर्ती. ओल राहिली तर रस उसळतो, म्हणून पोरांना लांब बसवायचे.

भुईकोटकर, तुम्हाला जुन्या वस्तूची कळा हवी असेल तर ओतीवच घ्या. खरादीवरची वस्तू फार गुळगुळीत येते, नळाच्या तोटीसारखी दिसते. ओतीव कामाच्या अंगावर थोडी खडबड राहते, ती खोटी आणता येत नाही.

एक मात्र, ओतकामात पोटात हवेचे फुगे राहू शकतात. वरून वस्तू देखणी, आतून चाळणी. जुन्या काळी तोफा फुटून आपलीच माणसं मरायची त्याचं हे एक मोठं कारण. म्हणजे उडवायचा विचार स्वप्नातही आला तर ओतीव नळी ही सगळ्यात वाईट निवड.

बखरवाचक

चंद्रभागेकाठी यांच्या प्रतिसादावरून बाबराची आठवण झाली. १५२६ मध्ये आग्र्याला उस्ताद अली कुलीने मोठी तोफ ओतायला घेतली. साच्याभोवती आठ भट्ट्या मांडल्या, पाट काढून सगळ्यांचा रस एकदम साच्यात सोडला. साचा भरायच्या आतच रसाचा ओघ आटला. उस्तादाला इतकी लाज वाटली की तो त्या वितळलेल्या धातूत उडी घ्यायला निघाला. बाबराने समजूत घातली, मानाचा पोशाख दिला. एक-दोन दिवसांनी साचा थंड झाल्यावर उघडला तर गोळ्याचा भाग निर्दोष निघाला, दारूची कोठी नंतर वेगळी ओतता येईल असा निरोप उस्तादाने हसत पाठवला. हे सगळं बाबराने स्वतः लिहून ठेवलंय.

आणि आपल्याला लांब जायची गरजच नाही. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. ती परांड्याच्या किल्ल्यात होती, १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली. वजन ५५ टनांच्या घरात. ५५ टन मिश्रधातू एका वेळी वितळवणारी माणसं ह्या मुलखात होती, आणि आज सव्वा किलोसाठी धागा काढावा लागतोय.

राजा_विक्रम

हाच माझा मुद्दा आहे. सोलापूरच्या शाळेत जर्मनीची नळी कशाला? नळदुर्गला उपळ्या बुरुजावर हत्ती तोफ, मगर तोफ आहेत, तासाभराच्या अंतरावर. आपल्या तोफा सोडून टानेनबर्ग! पोरांना उच्चार तरी येईल का? दख्खनी हाततोफ करा.

बखरवाचक

करा म्हणणं सोपं आहे. कुठली? इतिहासकार फिरिश्ता १४ व्या शतकातल्या बहमनी-विजयनगर लढाईत तोफखान्याचा उल्लेख करतो, पण तो स्वतः लिहितोय १७ व्या शतकाच्या सुरुवातीला, आणि आपल्या काळातली शस्त्रं मागच्या काळात बसवतो असा त्याच्यावर आक्षेप आहे. बहमनी वजीर महमूद गवानने १४७२ च्या बेळगावच्या वेढ्यात सुरुंग लावले, ते बरंच पक्कं मानतात, पण सुरुंग म्हणजे हाततोफ नव्हे. जंबुरे, गजनाळा, सुतरनाळा अशा हत्ती-उंटांवरच्या हलक्या तोफा आहेत, पण त्या सगळ्या नंतरच्या आणि वेगळ्या जातीच्या. टानेनबर्गसारखी, हातात धरायची, काळ नक्की माहीत असलेली दख्खनी नळी तुम्ही दाखवा, मी खर्च देतो.

युरोपच पाहिजे असंही नाही. चीनमधल्या हेलोंगजियांगची ब्राँझची हाततोफ १२८८ च्या सुमाराची मानतात, लांबी ३४ सेंटिमीटर, वजन साडेतीन किलो. हे तंत्र तिकडूनच सगळीकडे गेलं. पाटीवर "आशियात जन्म" असं लिहिता येईल आणि राजासाहेबांचंही समाधान होईल.

राजा_विक्रम

माझं समाधान एवढ्यात होत नसतं. पण साडेतीन किलो वजन म्हणजे मजबूत काम आहे. ती करा.

लेथवाला_पूर्वभाग

साडेतीन किलो गनमेटल कोण भरणार तेवढं सांगा. राजासाहेब भरणार का?

राजा_विक्रम

टानेनबर्गही चांगली आहे.

गणपतीफायबर

मी फायबरच्या मूर्ती आणि मंडळांचे देखावे करते. प्रतिकृती म्हणजे धातूच कशाला? फायबरमध्ये तोफ, भाला, हत्ती काय सांगाल ते करून मिळेल, वर ब्राँझची पावडर मारली की दोन फुटांवरून ओळखू येत नाही. खर्च कमी, शाळेत नेताना पोलिसांची भानगड नाही, पोराच्या पायावर पडली तर पाय मोडत नाही.

भुईकोटकर

ताई, फायबरची तलवार आमच्याकडे होती. पोरं हातात घेतात आणि लगेच परत ठेवतात. खरी तलवार दिली की हात खाली जातो, चेहरा बदलतो आणि मग प्रश्न सुरू होतात. शस्त्राचं वजन कळलं की ते घेऊन दिवसभर चालणाऱ्याचं जिणं कळतं. म्हणून धातूचा हट्ट.

तारीखपेतारीख, तुमचं म्हणणं पटलं, पण अडचण अशी की नळी बुजवली तर उरतं काय? पितळेचा ठोकळा. दारू कुठे राहते, गोळा कुठे बसतो, कान कुठे उघडतो, हे दिसलंच नाही तर "ह्याच्या आधी काय होतं" ह्याचं उत्तर कसं देऊ?

गणपतीफायबर

वजनच पाहिजे तर फायबरच्या पोटात शिसं ओतून देते की. पण ते जाऊ दे, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दोन वस्तू करा. एक धातूची, भरीव, हातात घ्यायला. दुसरी लाकडी, उभी चिरलेली, आतलं दाखवायला. मेडिकल कॉलेजात हृदय कापून दाखवतात ते मॉडेल प्लास्टिकचंच असतं ना?

चंद्रभागेकाठी

ताईंना +१००. लाकडी छेदात तुम्ही मूळ हाततोफेपेक्षा जास्त दाखवू शकता. टानेनबर्गच्या नळीत मागची दारूची कोठी पुढच्या नळीपेक्षा अरुंद आहे. ही खुबी खऱ्या नळीत डोळा लावून बघितलं तरी कुणाला दिसणार नाही. चिरलेल्या लाकडात कोठी काळी रंगवा, गोळा लाल, कान पांढरा. शेवटच्या बाकावरच्या पोरालाही कळेल.

तारीखपेतारीख

मला हे मान्य आहे. धातूच्या वस्तूबद्दल: तोंडाशी नुसता खळगा, बोटाचं पहिलं पेर जेमतेम जाईल एवढा. कानाच्या जागी वरवरची खूण, ती खळग्याला कुठेही मिळता कामा नये. भरीव सळईत नळी "बुजवलेली" नसते, ती कधी नव्हतीच, हा फरक महत्त्वाचा आहे. आधी नळी पाडून मग वेल्डिंगने बुजवली तर उद्या कुणीतरी म्हणेल की पुन्हा उघडता येते.

तरीही काम सुरू करायच्या आधी ड्रॉइंगसकट एक पत्र पोलीस आयुक्तालयात द्या आणि पोच घ्या. प्रदर्शन ग्रामीण भागात जाणार असेल तर तिकडेही. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रतिकृतींचाही विचार झालेला आहे, तेव्हा "खेळणं आहे हो" असं तोंडी सांगून भागणार नाही. आणि इथे मी सांगतोय तो कट्ट्यावरचा सल्ला आहे. कागद हातात घेऊन प्रत्यक्ष वकिलाकडे जा.

सातरस्ता_कट्टा

पत्राचं फार महत्त्व आहे. आमच्या नाटकाच्या ग्रुपला एकदा लाकडी बंदुका घेऊन एसटीने बाहेरगावी जायचं होतं. पोत्यात गुंडाळल्या, नळ्या बाहेर डोकावत होत्या. स्टँडवर एका मावशींनी बघितल्या आणि ओरडल्या. पुढचा प्रयोग उशिरा सुरू झाला एवढं सांगतो. आमचा "औरंगजेब" दाढी लावूनच बसला होता, त्यामुळे खुलासा करणं जास्त अवघड झालं.

शेंगाचटणी

औरंगजेबाने सोलापूर स्टँडवर खुलासा दिला, ही बखरवाचकांनी नोंद घ्यावी.

बखरवाचक

समकालीन साधन मिळाल्यास विचार करू.

ठासणी_१७

इतका वेळ वाचत होतो. एक वेगळं मत मांडतो. डेन्मार्कमध्ये मध्ययुगावरचं एक केंद्र आहे, तिथल्या मंडळींनी स्वीडनच्या लोशुल्टमध्ये सापडलेल्या तोफेची प्रतिकृती करून खरंच उडवली, मोजमापं घेतली. बाण आणि गोळे किती लांब जातात हे त्यातून कळलं. आपण मात्र भरीव ठोकळा करून त्यालाच इतिहास म्हणायचं? उडवल्याशिवाय हे शस्त्र कळत नाही. धूर, धक्का, दोन बारांमधला वेळ, हे सगळं ठोकळ्यात कुठे आहे? इकडे परवानगी काढून असा प्रयोग करता यायला हवा.

बखरवाचक

यायला हवा, हे एकदम मान्य. पण ते काम संस्थेचं आहे. धातुशास्त्राची प्रयोगशाळा, चाचणीचं मैदान, परवाने, दूरवरून बत्ती द्यायची सोय. तिकडचे लोकही तोफ हातात धरून पहिला बार काढत नाहीत. एखादं इंजिनिअरिंग कॉलेज आणि पुरातत्त्व विभाग एकत्र आले तर मी बघायला पहिल्या रांगेत, म्हणजे बऱ्याच मागच्या रांगेत येईन. शाळेच्या प्रदर्शनाचा आणि ह्याचा संबंध नाही.

ठासणी_१७

शाळेसाठी ठोकळा ठीक आहे. पण पाटीवर लिहा की ही उडत नाही आणि का उडत नाही. पोरांना तेवढं कळतं.

भुईकोटकर

पाटीचा मुद्दा घेतला. तर ठरलं असं: टानेनबर्ग, भरीव, गनमेटल. कोल्हापूरला शिरोलीत फाउंड्रीत ओळख निघत होती, पण एका नगासाठी त्यांचा पॅटर्नचा (साच्यासाठीच्या नमुन्याचा) खर्चच भारी पडतो. चंद्रभागेकाठी, तुमच्या शेजारच्या ओताऱ्यांकडे आता कुणी काम करतं का? भरीव म्हटल्यावर आतली पोकळी राखणाऱ्या कोअरची कटकटही उरली नाही. लाकडी छेद आमच्या ओळखीचे सुतार करतील, त्यांना फक्त चिरलेल्या बाजूचं ड्रॉइंग द्यायचंय.

चंद्रभागेकाठी

भट्टी चालू आहे, आता मुलगा बघतो. वारीच्या दिवसांत जाऊ नका, त्यांना मान वर करायला फुरसत नसते. मेणाचा नमुना तुम्हीच करून नेलात तर अष्टकोन तुम्हाला हवा तसा येईल. आणि त्यांना सरळ सांगा काय आहे ते, पत्राची पोच दाखवा. लपवाछपवी केली तर ते घेणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

लेथवाला_पूर्वभाग

भरीव ओतीव म्हणजे वजन मूळ नळीपेक्षा जास्त भरंल, कारण आतलं पोकळ जाणार नाय. पोरांना "सव्वा किलो" सांगून दीड-पावणेदोन किलो हातात देऊ नका. मागं दांडा बसायची खोबण तेवढी खोल ठेवा, तिथं थोडं वजन उतरतंय. ओतून आणा माझ्याकडं, खोबण मी बोअर करून देतो. ती मागची बाजू हाय, तिला कान-बिन काय नसतंय, त्यामुळं माझी ना नाय. वकीलसाहेब, चालतंय ना?

तारीखपेतारीख

दांड्याची खोबण दांड्यासाठीच असेल तर चालतंय. पण तीही आधी ड्रॉइंगमध्ये दाखवा आणि तेच ड्रॉइंग पत्राला जोडा. बिलावर "शोभेची भरीव वस्तू, प्रदर्शनासाठी" असं लिहा, एक प्रत भुईकोटकरांनी वस्तूसोबत ठेवावी.

शेंगाचटणी

दांड्याला लाकूड कुठलं?

राजा_विक्रम

सागवान. शोभा येते.

लेथवाला_पूर्वभाग

सागवान कशाला, कपाट करायचंय का? बाभळीचा घ्या. कुऱ्हाडीचे दांडे विकतेत त्यातलाच सरळ रेषेचा एक निवडायचा, मधल्या मारुतीकडं बघा, नाय मिळाला तर आठवडी बाजारात. मागची खोबण किती मिलिमीटर ठेवायची ते मात्र दांडा घेतल्यावरच सांगा, आधी नको.